गिरकीच्या गळ्यातली शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. माझ्या पोटात वाटाण्याएवढी बुचाची गोळी आहे. ती थरथरली की माझा आवाज मैदानापलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळतो. ज्या कारागिराने मला घडवले, तो माझ्यात पहिली फुंकर मारून स्वतःच दचकला होता. तो माझा पहिला सन्मान!

पुढे कित्येक वर्षे मी एका शाळेतल्या खेळाच्या बाईंच्या गळ्यात मिरवले. मग लाल प्लॅस्टिकची शिट्टी आली आणि माझी रवानगी खणात झाली, खडूच्या तुकड्यांच्या सोबतीला. मला कोणी टाकून दिले नाही, नुसते विसरले.

माझे दिवस पालटले ते एका मुलीमुळे. ती चाकांच्या खुर्चीतून शाळेत येई आणि एक चाक हाताने रोखून अशी गर्रकन वळे, की वर्गाने तिचे नाव ‘गिरकी’ ठेवले. मुले तिच्यावर जीव टाकत. तिचे दप्तर उचलायला भांडत. खेळाच्या तासाला त्यांनी एकमताने ठरवले, “गिरकी आमची कायमची पंच!” बाईंनी मला खणातून काढले, लख्ख पुसले आणि तिच्या गळ्यात घातले.

दोन महिने आम्ही मैदानावर राज्य केले. पण मी तिच्या छातीशी असल्यामुळे मला एक गोष्ट कळे. चेंडू जवळून गेला की तिचे काळीज धडधडे आणि हात आपसूक चाकांकडे जात.

एके दिवशी ती म्हणाली, “बाई, मला खेळायचंय.”

खेळ साधा होता: रिंगणातल्यांना मऊ चेंडू मारून बाद करायचे. नेमबाज होता ढगोबा, वर्गातला सर्वांत गुबगुबीत मुलगा. तो घाबरला. “अगं, तुला चेंडू लागला तर?”

“लागायलाच हवा ना! नाहीतर खेळायचं कशाला?”

बाई हसल्या आणि म्हणाल्या, “जा. आज पंच मी. पण शिट्टी राहू दे तुझ्याकडे.”

खेळ रंगला. ढगोबाने एकेकाला अचूक टिपले. गिरकीची पाळी आली, की मात्र त्याचा चेंडू कधी तिच्या डोक्यावरून जाई, कधी हातभर लांबून. शेवटी रिंगणात ती एकटीच उरली आणि सगळे ओरडले, “गिरकी जिंकली!”

तिने मला इतक्या जोरात फुंकले, की माझी गोळी गरगरली.

“फाउल! ढगोबा, मुद्दाम चुकवतोयस!”

“अगं, मी तुला जपत होतो...”

“जप तुझ्या डब्याला! मला नीट मार.”

ढगोबाचे कान लाल झाले. तो दोन पावले मागे सरला आणि त्याने नेम धरला. गिरकी गर्रकन वळली; चेंडू हुकला. पुन्हा हुकला. तिसरा थाडकन तिच्या कोपरावर बसला.

“आउट!” गिरकी स्वतःच ओरडली आणि खुर्ची हलेपर्यंत हसली. मग ती बाद झालेल्यांच्या रांगेकडे निघाली.

“सरका रे, हिला जागा द्या!” कोणीतरी म्हणाले. रांग सरकली.

आता आमच्याकडे पंच रोज बदलतो. परवा दात पडलेल्या एका पंचाने मला तासभर नुसते फुसफुसायला लावले. तरीही मी सुखी आहे.

मित्रांनो, वापरून झाल्यावर मला पुसून ठेवत जा, एवढे माझ्यासाठी करा. आणि तुमच्या मैदानाच्या कडेला कोणी कायमचा पंच बसला असेल, तर त्याला काय हवे ते एकदा विचारा. तो रिंगणात आला, तर नेम मात्र नीट धरा.