दरबारी पोट

सुविग्न्योंच्या पोटाविषयी घरात बोलायची सोय नव्हती. सोलो शहरातल्या राजवाड्यात त्यांनी जन्मभर मिरवणुकीच्या छत्र्या सांभाळल्या, पण तोरा असा, की जणू छत्री त्यांच्याच डोक्यावर धरली जात होती. असल्या माणसाला पोट असतं आणि ते तुंबतं, हेच त्यांना कमीपणाचं वाटे. बायको वुर्यानी पापडवाल्याची मुलगी. ते तिला उठताबसता तेवढ्यावरून हिणवत, आणि ती मनातल्या मनात त्यांची सालटी काढी.

जुन्या काविळीने त्यांचं यकृत कामातून गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. आतड्यातले जंतू विष तयार करतात, धडधाकट यकृत ते गाळतं, यांचं गाळत नाही. मग ते रक्तातून मेंदूत चढतं आणि माणूस भ्रमतो. म्हणून गोड औषध रोज घ्यायचं, आणि दिवसातून दोनतीनदा पोट साफ व्हायलाच हवं.

"बाई, माझा मेंदू डोक्यात आहे," सुविग्न्यो म्हणाले. "तुमचा कुठे आहे ते तुम्ही बघा."

पुढे एकदा औषध चुकलं, तेव्हा हे महाशय शेजाऱ्याच्या घरात शिरून आपल्या खुर्चीवर कोण बसलंय म्हणून भांडले होते. तरी सुंभ जळला पण पीळ गेला नाही.

मग एकुलत्या एक मुलीचं, रेतनोचं, लग्न ठरलं. निकाहात बापाने जावयाचा हात धरून, मुलीचं नाव घेऊन ती त्याला द्यायची असते. बरेच बाप ते काम काझीवर सोपवतात. रेतनो ऐकेना. ती आईला म्हणाली, "बापाकने मला कधी जवळ घेतलं नाही गं, इबू. एकदा तरी चारचौघांत माझं नाव घेऊ दे. मला दुसरं काही नको."

लग्नाचा पोशाख म्हणजे ताठ काळा कोट, चुणीदार बाटिक लुंगी, कमरेला गुंडाळलेला लांबच लांब पट्टा आणि पाठीशी खोचलेली कट्यार. एकदा चढवला की दुपारपर्यंत उठायचं नाव नाही. सुविग्न्योंनी चार दिवस आधीच औषध बंद केलं. वुर्यानीने बाटली पाहिली आणि औषध सोडू नका म्हणून त्यांना सांगितलं.

"पापड तळणाऱ्यांनी मला अक्कल शिकवू नये," ते म्हणाले. "कट्यार लावून मी संडासात पळू?"

बस मग तुंबून, वुर्यानी मनात म्हणाली. तिने ना डॉक्टरीणबाईंना कळवलं, ना रेतनोला. पाहुण्यांसमोर याची जरा फजिती व्हावी, दोन शब्द अडखळावेत, एवढंच तिला हवं होतं. इतकी वर्षं गिळलेल्या अपमानाला तेवढं तरी मिळावं असं तिला वाटलं.

लग्नाच्या सकाळी सुविग्न्यो पेंगत होते. पाऊल टाकायला वेळ लावत होते, प्रश्न विचारला की बऱ्याच वेळाने मान हलवत होते. सोलोत माणूस जितका संथ तितका खानदानी. पाहुणे एकमेकांच्या कानात म्हणाले, काय हे गांभीर्य, आता असली माणसं राहिली नाहीत. एकाही शहाण्याला शंका आली नाही. वुर्यानीला आली, आणि ती पाहुण्यांना चहा देत राहिली.

जावयाच्या हातात त्यांचा हात फडफडू लागला. काझींनी सुरुवात करून दिली, "मी माझी मुलगी..."

"तू कोण रे?" सुविग्न्यो म्हणाले. भिकाऱ्यालाही अहोजाहो करणारा हा माणूस. "छत्र्या आणल्यास का?"

काझींनी पुन्हा शब्द दिले. "मी माझी मुलगी..." एवढं म्हणून सुविग्न्यो थांबले. रेतनोने वाकून आपलं नाव हळूच सांगितलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि काझींना विचारलं, "ही कोण?"

बाप शुद्धीवर नसेल तर हक्क काकाकडे जातो. तुगिमिन हा सुविग्न्योंचा धाकटा भाऊ. गाडीवर रस्साभात विकून घराण्याला बट्टा लावला म्हणून त्याला मागे, भांड्यांपाशी बसवलं होतं. तो पुढे आला आणि रेतनोचं नाव त्याने घेतलं. सुविग्न्योंना तोवर दवाखान्यात हलवलं होतं.

तिथे नळी घालून पोट साफ केलं, औषध पाजलं. दुसऱ्या दिवशी डोळे उघडताच त्यांनी विचारलं, "समारंभ थाटात झाला ना?"

रेतनो उशाशी बसली होती. औषध कधीपासून बंद होतं, हे डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा वुर्यानीच्या तोंडून चटकन निघून गेलं, चार दिवस.

रेतनोने मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"मी सांगितलं होतं त्यांना. ते कुणाचं ऐकतात का?"

"मला का नाही सांगितलंस?"

वुर्यानी पांघरुणाची घडी सारखी करू लागली. रेतनोने औषधाची बाटली आपल्या पिशवीत टाकली. बापाक आता आमच्याकडे राहतील, ती म्हणाली. सुविग्न्योंनी मेहेरबानी केल्यासारखी मान डोलावली. वुर्यानी त्यांचे कपडे गोळा करायला वाकली, तेव्हा रेतनोने ते तिच्या हातातून काढून घेतले. आईला आजवर कधी अहो न म्हणालेली ती मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही घरी जा, इबू. दमला असाल."