बुधवारचा क्लास

दीक्षा आणि रुपाली हिंजवडीच्या एका कंपनीत शेजारी-शेजारी बसायच्या. कर्वेनगरला मोठ्या बायकांसाठी कथकचा क्लास निघालाय, हे रुपालीनेच शोधून काढलं. दीक्षाला तिने जवळजवळ ओढतच नेलं. दर बुधवारी संध्याकाळी दोघी दीक्षाच्या स्कूटरवरून जायच्या आणि येताना शाळकरी मुलींसारख्या बडबडत यायच्या. पस्तिशीत पहिल्यांदाच कुणी त्यांना मनसोक्त पाय आपटू देत होतं.

मग नवं प्रोजेक्ट आलं आणि अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल नेमका बुधवारी संध्याकाळी ठरला. मॅनेजर श्रीनिवास म्हणाला, "दोघींपैकी एक जण तरी हवीच. कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा." त्यांनी आळीपाळीने थांबायचं ठरवलं. पण क्लासचा कार्यक्रम जवळ आला, तशी रुपाली म्हणायला लागली, "तू जा गं. तुझे पाय छान पडतात. मी उद्या तुझ्याकडून शिकेन." दीक्षाने सुरुवातीला आढेवेढे घेतले. पुढे पुढे तेही घेईनाशी झाली.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत जिन्यावरच्या मोकळ्या जागेत ती रुपालीला क्लासात शिकलेला नवा तोडा नाचून दाखवायची. रुपाली चपला काढून गार फरशीवर उभी राहायची, चुकायची, हसायची, पुन्हा करायची.

"घरी मात्र बोलू नकोस हं," ती एकदा म्हणाली. "मी क्लासला जाते असंच वाटतंय त्यांना. सासूबाई माझ्या नाचासाठी सगळ्या भावकीशी भांडल्यात. ऑफिसातच बसून असते म्हटलं, तर काय वाटेल त्यांना?"

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी कॉल संपवून रुपाली खुर्चीतून उठली आणि तिथेच कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दीक्षाचा फोन तेव्हा क्लासमध्ये पिशवीच्या तळाशी होता.

तेराव्यानंतर ती धायरीला गेली. रुपालीच्या सासूबाई, इंदुबाई, एकट्याच घरी होत्या. त्यांनी चहा ठेवला.

"तूच का ती दीक्षा? तुझं लई नाव घ्यायची. बुधवारी तिच्या पोरीला मी सांभाळायची. म्हनलं, दिसभर मशीनपुढं बसती, एक सांज तरी तिची हाय. घरी आली की मला नाचून दावायची. त्या दिवशीच तेवढी हापिसात थांबली बघ."

दीक्षाला गप्प बसता आलं असतं. पण त्या बाईसमोर तिला ते जमेना.

"मावशी, दिवाळीपासून ती क्लासला येतच नव्हती. दर बुधवारी ऑफिसातच थांबायची. माझंही काम तीच करायची."

"मग मला दावायची ते?"

"ते मी तिला शिकवायचे. सुट्टीत."

"आन् बुधवारी तू कुठं असायचीस?"

"क्लासला."

इंदुबाईंनी तिच्यापुढचा अर्धा भरलेला कप उचलला आणि त्या आत गेल्या. बराच वेळ झाला तरी बाहेर आल्या नाहीत. शेवटी दीक्षा उठली, दार ओढून घेतलं आणि निघाली.

रुपालीच्या जागी चैताली आली. नुकतं लग्न झालेली, अजून पर्मनंट न झालेली. पहिल्याच बुधवारी ती म्हणाली, "ताई, तुम्ही निघा. कॉल मी बघते."

दीक्षाने तिचा लॅपटॉप मिटवला. "नको. तूही ऊठ, घरी जा."

"अहो, पण सर—"

"सरांना मी सांगते." तिने चैतालीची पर्स तिच्या हातात कोंबली आणि केबिनचं दार उघडलं. "आज कॉलला कुणी नाही. तुम्हीच घ्या."

श्रीनिवासने मान वर केली. "रुपाली असती तर असं केलं नसतं."

"नसतंच केलं," दीक्षा म्हणाली.

मार्चअखेर तिला राजीनामा द्यायला सांगितलं. ते तिने गृहीतच धरलं होतं. चैतालीचं पर्मनंट होणं मात्र त्या बुधवारमुळे वर्षभर पुढे ढकललंय, हे तिला शेवटच्या दिवशी कळलं. ती चैतालीच्या टेबलापाशी गेली.

"मी म्हटलं होतं का तुम्हाला, मला घरी पाठवा म्हणून?" चैताली स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "तुमच्या मनावरचं ओझं उतरवायला मीच सापडले?"

दीक्षा मागे फिरली. गेटवर ओळखपत्र देऊन ती बाहेर पडली. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. घरी जावंसं वाटेना, म्हणून ती स्कूटर घेऊन कर्वेनगरला गेली. क्लासला कुलूप होतं. ती पायरीवर बसली. आत जाऊन नाचायचीही इच्छा उरलेली नाही, हे तिला तिथे बसल्यावर कळलं.