चव्वेचाळीसच्या खाली

गावात त्यांना सगळे मापवाले म्हणत. बत्तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून फिरून लोकांचे तराजू, वजनं आणि लिटरची मापं तपासायची सरकारी नोकरी केली होती. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो. मागच्या उन्हाळ्यात टेकडीवर जाणाऱ्या मंडळींनी मोठ्या हौसेने 'दहा किलोमीटरची वाट' म्हणून फलक लावला, तर या गृहस्थांनी सायकलच्या चाकाला चिंधी बांधली, सायकल हाताने ढकलत सगळी वाट तुडवली, चाकाचे फेरे मोजले आणि ती आठ किलोमीटर सातशे मीटर भरते असं फलकाखाली खडूने लिहून आले. दहा किलोमीटर चाललो म्हणून घरी मिरवणाऱ्या वीसेक माणसांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मापवाल्यांना त्याचं वाईट वाटलं, पण फलक खोटा होता त्याचं जास्त वाटलं.

त्यांची बायको गावच्या पोहण्याच्या तलावावर शिकवायची. तिला लहानथोर सगळे नुसतं 'बाई' म्हणत. चौतीस उन्हाळे तिने काठावर उभं राहून शिट्टी फुंकली होती. गावातले डॉक्टर, वायरमन, शाळामास्तर आणि त्यांची पोरं, सगळी तिच्या हाताखालून पाण्यात गेलेली. एक नवरा तेवढा कोरडा राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कंबरेच्या वर पाणी आलं की मापवाले काठ गाठत, आणि ही भीती त्यांनी कधी लपवलीही नाही.

तरीही दर उन्हाळ्यात एक दिवस ते पाण्यावर असत. उन्हाळा संपता संपता गावची पोहणारी माणसं मोठं तळं पार करत. पंपहाऊसपासून समोरच्या लाकडी धक्क्यापर्यंत दोन किलोमीटर. ही शर्यत नव्हती. जो तो आपल्या चालीने जाई, प्रत्येकाबरोबर एक होडी असे, आणि नियम एकच: होडीला हात लागला की खेप मोडली. बाईने अशा एकोणीस खेपा केल्या होत्या आणि एकोणीसही वेळा होडी मापवाल्यांनी वल्हवली होती, गळ्याशी घट्ट बांधलेलं नारिंगी जाकीट घालून. पाण्यात बायको मोकळी आणि होडीत नवरा बांधलेला, यावर गावाने करायचे ते सगळे विनोद करून झाले होते.

होडीत त्यांचं खरं काम वल्ह्यांचं नव्हतं, पाटीचं होतं. तळ्यात पाचशे-पाचशे मीटरवर तीन नारिंगी पिंपं तरंगत ठेवलेली असत. प्रत्येक पिंपापाशी आणि मधे त्यांना वाटेल तेव्हा मापवाले वल्ही आत घेत, गळ्यातलं घड्याळ दाबत आणि एका मिनिटात बाईचे हात किती वेळा पाण्यात पडतात ते मोजत. मग पांढऱ्या पाटीवर काळ्या पेनाने भलामोठा आकडा काढून पाटी दोन्ही हातांनी धरत आणि बाई श्वास घ्यायला तोंड वळवी तेव्हा थेट तिच्या डोळ्यांत बघत. पाण्यात ऐकू काही येत नाही, आणि थकल्या माणसाला आपण किती मंदावलोय ते कळत नाही. बाईला ते पाटी सांगे. एकोणीस वर्षांत पाटीवर एक आकडा वाढवून लागला नव्हता की कमी करून.

"खोटं माप करणारा पकडला कसा जातो, माहितीये?" मापवाले कुणालाही गाठून सांगत. "हाव सुटते म्हणून. किलोमागे पाच ग्रॅम मारणारा जन्मात सापडत नाही. हा गडी पन्नास मारतो. मग पिशवी हातात घेतल्या घेतल्या गिऱ्हाइकालाच कळतं."

या वर्षी बाईचा उजवा खांदा गेला होता. डॉक्टरीणबाई तिचीच जुनी विद्यार्थिनी, त्यामुळे बोलताना एकीकडे धाक आणि दुसरीकडे माया अशी तिची ओढाताण चाललेली.

"बाई, खांद्यातला स्नायूचा पट्टा दोरीसारखा उसवलाय. एक पदर शिल्लक आहे म्हणा. ऑपरेशन करायलाच हवं, आणि त्यानंतर तळंबिळं विसरा. फार तर तलावात दोन-चार फेऱ्या."

"मग ऑपरेशनच्या आधी तळं करते," बाई म्हणाली. "एकोणीस झाल्यात. वीस करते आणि तुझ्या टेबलावर येऊन पडते."

डॉक्टरीणबाईने मापवाल्यांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. शेवटी तिने हात टेकले, पण अट घातली. खांदा चांगला चालतोय तोवर मिनिटाला पन्नासच्या आसपास हात पडतील. आकडा चव्वेचाळीसच्या खाली आला, म्हणजे बाकीचे स्नायू दमले आणि सगळा भार त्या एका पदरावर आला. तिथे थांबायचं. तो पदर तुटला तर पुढे केस विंचरायलाही हात डोक्यापर्यंत जाणार नाही.

"थांबेन," बाई म्हणाली. "पण मला पाण्यात काय कळणार? हे पाटीवर लिहितील. यांनी चव्वेचाळीसच्या खालचा आकडा दाखवला की मी होडीला हात लावीन. यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

मापवाल्यांनी मान डोलावली. त्यात कठीण काय, असं तेव्हा वाटलं.

आदल्या संध्याकाळी बाईने पोहण्याची टोपी धुऊन वाळत घातली, आणि टोपीकडे बघतच म्हणाली, "चौतीस वर्षं दुसऱ्यांची पोरं पैलतीराला लावली हो. माझं म्हणून हे एवढंच. वीस झाल्या की माझं काही मागणं नाही." बायको अशी बोलणारी नव्हती. मापवाल्यांनी घड्याळाला चावी दिली.

सकाळी साडेसहाला तळं गुळगुळीत होतं. काठावरच्या रस्त्याने पळणारे पळत होते, सायकलवाले घंटा वाजवत त्यांच्यातून वाट काढत होते आणि ज्यांना यातलं काहीच झेपत नाही ते बाकावर बसून सगळ्यांना सल्ले देत होते. बाई पाण्यात उतरली. मापवाल्यांनी जाकिटाची गाठ दोनदा तपासली आणि होडी सोडली.

पहिल्या पिंपापाशी पाटीवर लागलं चोपन्न. बाईने डावीकडे तोंड वळवलं, पाटी पाहिली आणि पाण्यातच हसली. दुसऱ्या पिंपापाशी एक्कावन्न. ऊन चढायला लागलं, वल्ह्यांच्या मुठी तापल्या. मधेच घेतलेला आकडा निघाला एकोणपन्नास आणि तिसऱ्या पिंपापाशी सेहेचाळीस. पाटी बघून बाई या वेळी हसली नाही. तिने तोंड पाण्यात घातलं आणि पुढे निघाली.

आता फक्त पाचशे मीटर उरले होते. धक्क्यावरची माणसं दिसायला लागली. मापवाले होडीत उलटे, बाईकडे तोंड करून बसलेले. तिचा उजवा हात पाण्याबाहेर येताना अडखळतोय, कोपर खाली राहतोय, पंजा आडवा पडतोय, सगळं त्यांना दिसत होतं. पुढचे दोनशे मीटर त्यांनी मोजलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मोजायचं टाळलं, आणि टाळतोय हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग त्यांनी वल्ही आत घेतली, घड्याळ दाबलं. साठ सेकंद संपले. एक्केचाळीस.

चूक झाली असेल म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं. एक्केचाळीसच.

धक्का तीनशे मीटरवर होता. म्हणजे नऊ मिनिटं, फार तर दहा. त्यांनी पाटी गुडघ्यावर घेतली, फडक्याने सेहेचाळीस पुसला. एकदा तिच्या हाताकडे पाहिलं, एकदा धक्क्याकडे. वाळत घातलेली टोपी आठवली. पेन पाटीला टेकलं तेव्हा चारचा आकडा काढायचा होता. हाताने पाच काढला. आता पाचापुढे काय काढणार? त्यांनी शून्य काढलं.

त्यांनी पाटी उचलली. बाईने डावीकडे तोंड वळवलं. पाटीवर पन्नास. मापवाले धक्क्याकडे बघत होते.

बाईने आणखी चार हात मारले. मग थांबली, पाण्यात उभी झाली आणि डाव्या हाताने होडीची मागची कड धरली.

"अगं, काय केलंस हे?" मापवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "हात काढ. काढ हात, कोणी पाहिलं नाही. पन्नास होते."

बाईला दम लागला होता.

"खरे किती?"

मापवाल्यांनी पाटी उलटी करून मांडीवर ठेवली.

"अहो, किती?"

"एक्केचाळीस."

"वाटलंच." बाईने कपाळ होडीच्या कडेला टेकवलं. "एकोणीस वर्षांत तिसऱ्या पिंपानंतर आकडा कधी वर गेलाय का हो माझा? ऐन उमेदीत गेला नाही तो आज या खांद्याने जाईल? आणि पाटी दाखवताना तुम्ही माझ्याकडे बघता. आज बघितलं नाहीत."

"तुला वीस हव्या होत्या."

"हव्याच होत्या. अजून हव्यात." तिने एकदा धक्क्याकडे पाहिलं. "तुम्ही पंचेचाळीस लिहिलं असतं ना, तर मी गेले असते. मला कळलंसुद्धा नसतं. पण पन्नास बघितलं आणि म्हटलं, हा माणूस खोटं लिहितोय. ज्याने सख्ख्या मेव्हण्याचा तराजू जप्त केला तो खोटं लिहितोय, म्हणजे माझी अवस्था त्याला बघवत नाहीये. मग मला भीती वाटली."

मापवाल्यांना स्वतःचा राग आला. खोटं लिहिलं म्हणून आला, आणि मुलखाचे लबाड पकडणाऱ्याला एक लबाडी धड जमली नाही म्हणूनही थोडा आला. पण त्याहून मोठं काहीतरी छातीवरून उतरलं होतं. तिचा उजवा हात पाण्यात सैल तरंगत होता, आणि तो अजून शाबूत होता.

"मला वर काही चढता येणार नाही," बाई म्हणाली. "चला, वल्हवा. मी धरून येते."

तीनशे मीटर त्यांनी जपून वल्हवलं. वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं, त्यामुळे सगळा वेळ दोघं एकमेकांसमोर होते. ती रडली थोडी, आणि तेही रडले. वल्ही हातात असल्याने त्यांना डोळे पुसता येईनात. "नाक तरी पुसा," ती म्हणाली, आणि मग दोघांना हसू आलं.

होडीआड असल्याने बाईचा हात धक्क्यावरून कुणाला दिसला नव्हता. टोपी दिसली तशा टाळ्या सुरू झाल्या. यादी धरून बसलेला तलावाचा जुना रखवालदार मोठ्याने म्हणाला, "बाई, वीस!" आणि त्याने पेन्सिल उचलली.

मापवाले होडीत उभे राहिले. होडी डुलली, तसं त्यांनी घाबरून एका हाताने धक्क्याचा कठडा धरला.

"लिहू नका," ते म्हणाले. "तीनशे मीटर कमी भरलंय. होडीला हात लागलाय. आणि आज पाटीही खोटी होती, ती मी लिहिली."

टाळ्या थांबल्या. रखवालदाराने पेन्सिल कानावर ठेवली आणि बाईला हात द्यायला खाली उतरला. बाईने डावा हात पुढे केला.

चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. पट्टा सांधून काढल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आली आणि म्हणाली की शंभर मीटर जरी आणखी पोहल्या असत्या तर सांधायला काही उरलं नसतं. मापवाल्यांनी हे दोनदा वदवून घेतलं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

तीन आठवड्यांनी, सकाळी सहाला, मुलांच्या तलावात कंबरभर पाण्यात एक अडुसष्ट वर्षांचा... छे, मापवाल्यांच्या गोष्टीत आकडा चुकून चालणार नाही, बासष्ट वर्षांचा गृहस्थ उभा होता. जाकीट बाईने काढून घेतलं होतं. ती काठावर होती, उजवा हात झोळीत, गळ्यात शिट्टी आणि घड्याळ, डाव्या हातात पाटी. 'मला घरी बसवलंत, आता मला काहीतरी काम द्या' एवढंच ती म्हणाली होती, आणि त्यावर नाही म्हणायला मापवाल्यांना तोंड उरलं नव्हतं.

शिट्टी वाजली. त्यांनी डोळे मिटले, पाण्यात तोंड घातलं आणि जिवाच्या आकांताने हात मारायला लागले. मनात मोजत होतेच. दुसरी शिट्टी वाजली तेव्हा ते खोकत उभे राहिले. त्यांच्या हिशोबाने सव्वीस झाले होते.

बाईने पाटी कठड्यावर टेकवून डाव्या हाताने वेडावाकडा आकडा काढला आणि पाटी उचलली. चार.

"अगं, सव्वीस मारले मी."

"डोकं वर काढून मारलेले मी धरत नाही."

मापवाल्यांनी डोळ्यांतलं पाणी निपटलं आणि पाटीच्या वर पाहिलं. ती थेट त्यांच्याकडे बघत होती.