रिकामे दोन तास

मी एक पिवळी झेंडी. सहलीच्या बसमधून उतरल्यावर गाइड जी हातात उंच धरते आणि माणसं जिच्यामागून चालतात, ती. माझं कापड जाड सुती, काठी बांबूची, आणि स्वभाव संशयी. स्वभावाचं कारण सोपं आहे. जो सतत पुढे चालतो त्याला मागचं दिसत नाही. मागून येणाऱ्यांपैकी कोण रेंगाळलं, कोण सटकलं, कोण चहाच्या दुकानात शिरलं, ही शंका मला जन्मभर पुरली.

ओसाकाजवळच्या साकाईतल्या एका बाईंनी मला शिवलं. छत्र्यांची कापडं शिवणारा हात तो, टाके बारीक आणि घट्ट. ओसाकाच्या एका प्रवासी कंपनीने अशा डझनभर झेंड्या मागवल्या होत्या. त्यातली मी त्सुरुए नावाच्या नव्या गाइडच्या वाट्याला आले. निळा गणवेश, पांढरे हातमोजे, डोक्यावर छोटी टोपी. पहिल्या दिवशी तिने मला इतकं उंच धरलं की ट्रामच्या तारेला लागेन की काय अशी मला भीती वाटली.

त्सुरुए बसमध्ये गाणी म्हणायची, विनोद सांगायची, आणि खाली उतरली की वेगळीच व्हायची. ती दर थोड्या पावलांनी मागे वळून पाहायची. संशय मी तिच्याकडूनच शिकले. घड्याळाकडे पाहणारा माणूस हमखास नाहीसा होतो. नवीन लग्न झालेली जोडपी मुद्दाम मागे राहतात. कचेरीतल्या मंडळींसाठी मिठाईचे डबे घेणाऱ्या बायका बस सुटायला आली तरी कोणत्या डब्यात किती नग आहेत हेच मोजत असतात.

नव्या मुली शिकायला आल्या की त्सुरुए त्यांच्याकडून एक नियम पाठ करून घ्यायची. शहराची संग्रहालयं सोमवारी बंद असतात. पण सोमवारी सणाची सुट्टी आली, तर ती सोमवारी उघडी राहतात आणि मंगळवारी बंद. "चाळीस माणसांना बंद दारापुढे उभं केलंत," ती म्हणायची, "तर माझ्याकडे झेंडी परत करा आणि घरी जा."

मग ती निवृत्त झाली. मी तिच्याबरोबर ओसाकाच्याच सुमियोशी भागातल्या घरी आले आणि दारातल्या छत्र्यांच्या कुंडीत उभी राहिले. माझ्या शेजारी तिच्या नवऱ्याची काळी छत्री होती. तो गेला, छत्री राहिली. मुलगा शिगेकी टोकियोला गेला, तिकडेच त्याने संसार केला. माझ्यावर धूळ बसली. पण दारात असल्यामुळे घरात कोण येतं, काय बोलतं, हे सगळं मला कळत राहिलं. फोनही तिथेच, चपलांच्या कपाटावर.

जानेवारीत तो फोन आला.

"आई, पुढच्या मंगळवारी येतोय. मला एक दिवस ओसाका फिरव."

"तुला? तू इथेच जन्मलास."

"म्हणून तर काही पाहिलं नाही. दिवस तू आख, नेहमी आखायचीस तसा. फक्त जेवणानंतर दोन तास रिकामे ठेव."

"रिकामे कशाला?"

"पाय दुखतात गं माझे."

फोन ठेवल्यावरही त्सुरुएचा हात फोनवरच होता. मला तर तिथल्या तिथे काहीतरी शिजत असल्याचा वास आला. आमच्या धंद्यात रिकामा वेळ कधी ठेवत नाहीत. रिकाम्या वेळातच माणसं हरवतात.

दुपारी शेजारची इकुयो मुळ्याचं लोणचं घेऊन आली. ही बाई दारात उभी राहूनच बोलते. आत आली की उठायला वेळ लागतो, असं ती म्हणते, आणि दारात तासभर उभी राहते.

"पाय दुखतात म्हणे?" इकुयो म्हणाली. "तू अजून पुलाच्या पायऱ्या चढतेस, आणि पन्नाशीच्या घोड्याचे पाय दुखतात?"

"ऑफिसात बसून बसून होतं तसं."

"बरं. सोमवारी सुट्टी आहे, सज्ञान झालेल्या वीस वर्षांच्या पोरींचा सण. ती सुट्टी सोडून, रजा काढून, मंगळवारी का येतोय?"

"सुट्टीला गर्दी असते गं."

"टोकियोत राहतो आणि गर्दीला भितो?" इकुयोने आवाज खाली आणला. "माझ्या नणंदेच्या मुलानेही असंच केलं. आधी सहल, मग छानपैकी जेवण, मग म्हणे, आई, इथे जवळच एक चांगली जागा आहे, बघून तर येऊ. आता ती टेकडीवरच्या वृद्धनिवासात बसून कागदाचे बगळे करते."

"तिला आवडत असतील बगळे."

"तिला पाचिंकोची जुगाराची यंत्रं आवडायची, त्सुरुए-सान. बगळे कसले."

त्सुरुए हसली, पण दार लावल्यावर थोडा वेळ तिथेच उभी राहिली. शरदात तिच्याकडून चुलीवरची किटली जळून कोळसा झाली होती. शेजारी धूर गेला होता. ही गोष्ट टोकियोपर्यंत कुणी पोचवली, याबद्दल माझा इकुयोवर आजही संशय आहे. घर सुटणार की राहणार, हे आता त्या मंगळवारावर ठरणार होतं. ते आम्हा दोघींनाही कळलं होतं.

तिने मला कुंडीतून काढलं. धुतलं, इस्त्री केली, काठीला तेलाचा हात लावला. मग दुलई पांघरलेल्या, खालून ऊब देणाऱ्या बुटक्या मेजाशी बसून तिने संत्र्यांनी दिवस मांडला. पहिलं संत्रं म्हणजे सुमियोशीचं देऊळ आणि त्याचा कमानीचा पूल. दुसरं तेन्नोजी, तिथपर्यंत ट्रामने. तिसरं बाहुल्यांचं छोटं संग्रहालय. चौथं उडोनच्या जाड शेवयांचं दुकान. सगळ्यात शेवटी किल्ला, संध्याकाळच्या उन्हात. चौथ्या आणि पाचव्या संत्र्यामध्ये, त्या रिकाम्या दोन तासांसाठी, तिने आधी चहादाणीचं झाकण ठेवलं, मग काढलं. चष्मा ठेवला, तोही काढला. शेवटी एक संत्रं सोलून खाल्लं आणि त्या जागी साल ठेवली.

पुढचे दिवस ती माहिती घोकत होती. आरशासमोर, मला हातात धरून. बाहुल्यांच्या संग्रहालयाची तर तिने तीन-तीनदा उजळणी केली. एका बाहुलीला तीन माणसं कशी हलवतात, डावा हात धरणाऱ्याला किती वर्षं वाट पाहावी लागते, भुवई उडवणाऱ्या दोऱ्याला काय म्हणतात. हे तुम्ही नीट लक्षात ठेवा.

सोमवारी गल्लीतून वीस वर्षांच्या पोरी गेल्या. लांब बाह्यांचे किमोनो, गळ्याभोवती पांढरी लव. त्सुरुए दारात उभी राहून म्हणाली, "किती गोड दिसतात." मग आत जाऊन तिने संत्री पुन्हा एकदा सरळ लावली आणि फोनवर शिगेकीला दिवसाचा क्रम वाचून दाखवला. तो म्हणाला, "छान आहे, आई." इतकंच.

मंगळवारी शिगेकी आला तेव्हा त्याच्या हातात लाल चवळीच्या जेलीचा डबा होता. मऊ मिठाई. दातांचा विचार करून आणलेली, हे मी लगेच हेरलं. आणि त्याच्या पिशवीत तसाच दुसरा डबा होता.

"हा कुणासाठी?" त्सुरुएने विचारलं.

"ऑफिसातल्या एकाला द्यायचाय."

टोकियोची मिठाई ओसाकाला आणून टोकियोच्या ऑफिसात परत कोण नेतं? आमच्याकडे पाहुणा रिकाम्या हाताने कुणाच्या दारी जात नाही. म्हणजे त्याला कुणाच्या तरी दारी जायचं होतं. त्सुरुएने काही विचारलं नाही. तिने मला उंच धरलं आणि दिवस सुरू झाला.

कमानीचा पूल ती त्याच्याआधी चढली. तो मागून तिच्या पावलांकडे पाहत होता. मला मागचं दिसत नाही, पण नजर कळते. तेन्नोजीला सरकत्या जिन्यावर तो टोकियोच्या रिवाजाने डावीकडे उभा राहिला, आणि खोळंबलेले लोक त्याच्या पाठीला टेकले.

"उजवीकडे हो," त्सुरुए म्हणाली. "ओसाकाचा आहेस ना अजून?"

"सवय गेली."

"सवय गेली म्हणून जिना वेगळा झाला का?"

मग त्याचे प्रश्न सुरू झाले. सहज विचारल्यासारखे, चालता चालता. "आई, काल कसली सुट्टी होती गं?" "पोरींची." "ह्या ट्रामचा पुढचा थांबा कुठला?" तिने सांगितला. "बाबा कोणत्या महिन्यात गेले?" ती थांबली आणि त्याच्याकडे पाहिलं. "पेरूची फुलं पडली होती," ती म्हणाली, "नाही, डाळिंबाची. तुला महिना हवाय की फूल?"

आणि मग बाहुल्यांच्या संग्रहालयाचं दार आलं. दार बंद होतं. त्यावर पाटी होती: काल सुट्टी असल्यामुळे आज बंद.

त्सुरुएची मूठ माझ्या काठीवर आवळली. बांबू करकरला. तेवढा एकच श्वास. मग ती वळली आणि चेहऱ्यावर गाइडचं हसू आणून म्हणाली, "तर मंडळी, हे ओसाकाचं प्रसिद्ध बंद दार."

शिगेकी हसला नाही.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो. काल तू वाचून दाखवलंस तेव्हाच लक्षात आलं. लहानपणी तुझ्याकडून शंभरदा ऐकलंय ते."

"मग बोलला का नाहीस?"

तो बुटांकडे पाहत राहिला. "बघायचं होतं, तुला आठवतं का."

"मलाही बघायचं होतं," त्सुरुए शांतपणे म्हणाली, "तू मला सांगतोस का."

"म्हणजे मुद्दाम केलंस?"

"सगळ्या पोरींना नियम मी शिकवला. मी चुकेन?"

शिगेकी आधी तिच्याकडे, मग दाराकडे पाहत राहिला. मग भर रस्त्यात कमरेत वाकला. "चुकलो, आई." त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं होतं. पुढे उडोनच्या दुकानापर्यंत तो तिच्या शेजारून चालला, लहानपणीचे विनोद सांगत.

दुकानाबाहेरच्या छत्र्यांच्या स्टँडमध्ये मला ठेवलं होतं. जेवण आटोपल्यावर शिगेकी बाहेर आला आणि फोन लावून म्हणाला, "आजची भेट रद्द करायची होती. हो, आईला तुमची जागा दाखवायला आणणार होतो. नाही, आता गरज..."

त्सुरुए त्याच्या मागे उभी होती.

"कुणाचा फोन?"

"ऑफिसचा."

"ऑफिसला सांग, ठरल्या वेळी पोचतो."

"आई, आता कशाला? तू तर माझ्यापेक्षा..."

"माणूस वाट बघत बसला असेल. मी कधी कुणाला ताटकळत ठेवलेलं नाही." तिने त्याच्या पिशवीकडे बोट केलं. "आणि तो डबा काय टोकियोला परत नेणार? जेली उन्हात पाणी सोडते."

शिगेकीने फोनवर काहीतरी पुटपुटून तो बंद केला. "आई, खरंच मुद्दाम होतं ना?"

त्सुरुएने मला स्टँडमधून काढलं. मला वाटलं, आता ती मला उंच करील. तिने मला त्याच्या हातात दिलं.

"रस्ता तुला माहीत आहे. तू पुढे हो, मी मागून येते."

माझ्या सगळ्या आयुष्यात त्सुरुए माझ्या मागे चालली ती त्या दिवशी पहिल्यांदा. शिगेकीला झेंडी धरता येत नाही. तो मला छत्रीसारखी आडवी धरून चालला. पण प्रत्येक वळणावर तो मागे वळून पाहत होता, आणि मला वाटलं, निदान तेवढं तरी हा शिकला.

आता मी टेकडीवरच्या त्या वृद्धनिवासात आहे, तिच्या खोलीच्या दाराजवळ, खुंटीवर. त्सुरुए मार्चमध्ये इथे राहायला आली, आणि पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या मेजावर संत्री मांडून बसली. आता महिन्यातून एकदा इथल्या बायका तिच्यामागून शहरात जातात. इकुयोची नणंदही येते, आणि पाचिंकोच्या दुकानाजवळ हमखास मागे राहते. देखरेखीच्या ओनिशीबाई आदल्या दिवशी कोणती दारं बंद आहेत ते गुपचूप पाहून ठेवतात. त्सुरुए त्यांना पाहताना पाहते आणि न पाहिल्यासारखं करते. मला दोघींचाही संशय येतो, पण बरं वाटतं.

गेल्या बुधवारी शिगेकी आला होता. आम्ही पुन्हा बाहुल्यांच्या संग्रहालयात गेलो. दार उघडं होतं. त्सुरुएने एका बाहुलीपुढे मला उंच धरलं आणि सांगायला लागली. तीन माणसं, डाव्या हाताची वर्षं, भुवईचा दोरा. कुठे अडखळली नाही.

"किती छान सांगितलंस," शिगेकी म्हणाला. "कधी तयारी केलीस एवढी?"

"जानेवारीत," ती म्हणाली.

बंद दारासाठी कुणी तयारी करत नाही, हे त्याच्याही ध्यानात आलं असावं. बाहुलीची भुवई वर गेलेली होती आणि तशीच राहिली. शिगेकीने आईच्या कोटाची कॉलर सरळ केली.

"पुढे काय आहे, आई?"

"पुढे चहा."

"चल. मी मागून येतो."

तुमच्याही घरात आयुष्यभर पुढे चाललेलं कुणी असेल, तर माझं एवढं ऐका. त्यांच्या मागून चाला, पण नजर थोडी त्यांच्याही पुढे असू द्या. दार बंद दिसलं तर आधी सांगा. परीक्षा घेत उभे राहू नका. आणि आता मला जाऊ द्या, दाराबाहेर पावलं वाजताहेत. खुंटीवरून मला काढणारा हात तिचाच आहे का, ते पाहायचं आहे.