उसनं नाक

वहिनींना सगळेच वहिनी म्हणत. धाकटी नणंद म्हणायची हे ठीक, पण टपालवाला, पेट्या न्यायला येणारा टेम्पोवाला आणि वाइन चाखायला येणारे पाहुणेसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत. वाइनरी तशी लहानच. खाली तळघरात अकरा लाकडी पिंपं, वर एक लांबट खोली आणि तिच्यामागे तिघांचं घर. वाइन मालक करायचे, म्हणजे वहिनींचे यजमान. लेबलं चिकटवायचं काम नणंदेचं. बाटल्या धुणं, फरशी पुसणं, पेले लखलखीत करणं, पाहुण्यांना बसवणं आणि सगळे गेल्यावर त्यांनी चाखून थुंकलेल्या वाइनची तस्तं रिकामी करणं एवढं 'किरकोळ' वहिनींकडे होतं.

थंडीत मालकांना ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला, पण जाताना त्यांचं नाक घेऊन गेला. हे वहिनींना कळलं ते दुधामुळे. एका सकाळी त्या अंगणातून आत आल्या तर घरभर करपट वास, शेगडीवरचं पातेलं काळं पडलेलं आणि त्या पातेल्यापासून दोन हातांवर मालक निवांत पेपर वाचत बसलेले.

"अहो, दूध!" वहिनी ओरडल्या.

"अरेच्चा, लक्षच नव्हतं," मालक म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

त्यानंतर वहिनी लक्ष ठेवू लागल्या. मालक पेला नाकाशी नेत, डोळे मिटत आणि पाहुण्यांना सांगत, "काळ्या मनुका, थोडी लवंग आणि मागून येतो तो नव्या चामड्याचा वास." शब्द तेच होते, तेवीस वर्षांचे. फक्त पूर्वी ते एका वाइनला चामडं म्हणत आणि दुसरीला लवंग. आता सरसकट सगळ्याच वाइनना मनुका, लवंग आणि चामडं मिळू लागलं होतं.

वहिनी बोलल्या नाहीत. ते स्वतःहून सांगतील, असं त्यांना वाटत होतं. तोवर झाकली मूठ झाकलेली ठेवायची म्हणून पाहुणे यायच्या तासभर आधी त्या स्वयंपाकघरात बाटल्या उघडून हुंगत. एखादीला खराब बुचाचा कुबट वास लागलेला असला, की ती मोरीत ओतून दुसरी उघडत. म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. पाठ आधीच दुखत होती, त्यात हे चोरटं काम. त्यांच्या अगदी नाकी नऊ आले होते.

उन्हाळा संपता संपता तीन हॉटेलांसाठी वाइन खरेदी करणाऱ्या बाई आल्या. दुपारी तीनला यायच्या होत्या, त्या दीडलाच दारात उभ्या. सकाळपासून चार ठिकाणं पालथी घालून आल्या होत्या. बसल्या बसल्या त्यांनी टेबलाखाली बूट काढले आणि म्हणाल्या, "माफ करा हं. पाय माझे राहिले नाहीत."

वहिनींना ती बाई तिथेच आवडली. पण बाटल्या अजून हुंगायच्या होत्या. त्या लगबगीनं स्वयंपाकघराकडे वळल्या, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "नवी नंतर पाहू. पाच वर्षांपूर्वीची रेड आहे का एखादी?"

"आहे ना!" मालक खूश झाले. वहिनी काही म्हणायच्या आत ते कोपऱ्यातल्या फळीवरून बाटली घेऊन आले. हलकेच बूच काढलं आणि तीन पेले भरले.

वहिनींना पेला उचलावाही लागला नाही. हातभर अंतरावरूनच वास आला. तळघराच्या कोपऱ्यात भिजून पडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याला येतो तसा कुबट वास.

बाईंनी पेला नाकाशी नेला, खाली ठेवला आणि मालकांकडे पाहिलं.

मालकांनी डोळे मिटले. "काळ्या मनुका," ते म्हणाले. "थोडी लवंग. आणि मागून, थांबा हं, नव्या चामड्याचा..."

"तुम्हाला चांगली वाटते ही?" बाईंनी विचारलं.

"उत्तम उतरली आहे."

पलीकडे नणंद लेबलं चिकटवत होती, तिचा हात थांबला. वहिनींच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. पेले पुसायचं फडकं ओलं राहिलं, चूक माझी, दुसरे आणते. अशी वाक्यं त्यांनी उभ्या जन्मात शेकड्यांनी उच्चारली होती. पण त्या दिवशी ते वाक्य ओठांपर्यंत आलंच नाही. त्यांना उभंच राहवेना. त्या खुर्ची ओढून बाईंसमोर बसल्या, पाहुण्यांसमोर कधी बसत नसत त्या.

"बाटली बिघडलेली आहे," त्या म्हणाल्या. "बूच खराब निघालंय. यांना कळलं नाही, कारण यांना वासच येत नाही. थंडीपासून येत नाही."

"वहिनी!" नणंद म्हणाली.

मालकांनी पेला टेबलावर ठेवला. मग ते तळघराचा जिना उतरून गेले.

वहिनींना रडू यायला हवं होतं, पण आली ती जांभई. तोंडावर हात धरत त्या म्हणाल्या, "आता तुम्ही निघालात तरी चालेल."

"बूट कोण घालणार लगेच?" बाई म्हणाल्या. "त्याच सालची दुसरी उघडा."

वहिनींनी दुसरी उघडली, हुंगली, पेल्यात ओतली. बाईंनी विचारलं, "कशी आहे?"

"मला ते मनुका-चामडं सांगता येत नाही."

"नकाच सांगू. दिवसभर तेच ऐकतेय."

वहिनींनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि थोडा विचार केला. "ही आमच्या वन्संसारखी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आल्या आल्या टोचते. मग कळतं की मन वाईट नाही. आणि एकदा बसली की लवकर उठत नाही."

"मला ऐकू येतंय," पलीकडून नणंद म्हणाली.

बाई हसल्या. पण पुढचा घोट घेताना त्यांचं हसू मावळलं. वाइन त्यांनी तस्तात थुंकली नाही, गिळली. नवीही त्यांनी चाखली आणि स्पष्ट सांगितलं की ती अजून कच्ची आहे, पुढच्या वर्षी बघू. जुनीच्या मात्र सहा पेट्या लिहून घेतल्या. हॉटेलवाले एरवी नेत त्याच्या निम्म्याच होत्या त्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "त्यांना सांगा, माझ्या काकांचंही असंच झालं होतं. ते कोणाला बोलले नाहीत. पुढे पुढे जेवायलाच बसेनात."

वहिनी तळघरात उतरल्या. मालक एका उपड्या क्रेटवर पिंपाला टेकून बसले होते.

"चारचौघांत नाक कापलंस माझं," ते म्हणाले.

"असतं तर कापलं असतं," वहिनींच्या तोंडून गेलं. लगेच त्यांनी जीभ चावली. मालक खाली मान घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ते रडताहेत असं वाटून वहिनी जवळ गेल्या, तर मालक हसत होते. हसता हसता डोळे पुसत होते, त्यामुळे नक्की काय चाललंय ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"दूध करपलं तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट पाहत होते."

मालक म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊन आलो मी. तू आणि धाकटी बाजारात गेला होतात त्या दिवशी. वास परत येईल म्हणाले, किंवा नाही येणार. ओळीनं पिंपांपाशी उभा राहायचो रोज. वास कशालाच नाही, पाण्याच्या टाकीपाशी उभं राहावं तसं."

हे वहिनींना माहीत नव्हतं. आपण वर चोरून बाटल्या हुंगत होतो तेव्हा खाली हा माणूस एकटाच एकेका पिंपाला नाक लावून उभा होता. दोघंही एकाच घरात, एकमेकांपासून लपून. त्यांनी दुसरा क्रेट ओढला आणि त्या शेजारी टेकल्या.

"जिभेला काय काय कळतं?"

"आंबट कळतं. तुरट कळतं. वाइन अंगानं जाड की पातळ तेही कळतं. पण नाव नाही कळत तिचं."

पुढच्या आठवड्यात कुठल्या पिंपातली कशात मिसळायची हे ठरवायचं होतं. थांबून चालणारं नव्हतं. मालक उठले. काचेच्या नळीनं पहिल्या पिंपातली वाइन काढून त्यांनी ती दोन पेल्यांत सोडली. वहिनी हुंगायच्या, मालक चाखायचे.

"कसला येतो?"

"पेटीत ठेवलेल्या लोकरीच्या कपड्यांचा."

"चांगला की वाईट?"

"चांगला. पण झोप आणणारा."

"तुरटपणा भरपूर आहे. म्हणजे टिकेल," मालक म्हणाले आणि खडूनं पिंपावर लिहिलं, लोकर.

चौथ्या पिंपापाशी दोघांचं जुंपलं. वहिनींना त्यात आंबूस ओलसरपणा जाणवत होता आणि मालक ठामपणे सांगत होते की हीच सर्वांत उत्तम. शेवटी तेवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी वहिनींचं म्हणणं मानलं. पिंपावर मोठी फुली मारली, पण वेळ लागला त्यांना, आणि खडू मोडला.

"एक सांगते," वहिनी म्हणाल्या. "हे काम मी करीन. पण मग बाटल्या धुणं आणि फरशी तुमच्याकडे. माझ्याच्यानं दोन्ही होत नाही आता."

"तस्तंसुद्धा?"

"तस्तंसुद्धा. तुम्हाला काय, वास थोडाच येणार आहे?"

मालकांनी मान डोलावली आणि पाचव्या पिंपाचं झाकण काढलं. अजून सहा पिंपं बाकी होती त्याच्यापुढे. वहिनींची कंबर ठणकत होती. त्यांनी पेला पुढे धरला, डोळे मिटले आणि श्वास आत ओढला.