सोवळ्यातली रॅम

मधुकररावांचा हात लागला की बिघडलेली वस्तू सुधारते, असं घरात एकच माणूस मानत होता, आणि तो माणूस म्हणजे खुद्द मधुकरराव. मिक्सर त्यांनी सुधारला, तेव्हापासून तो चटणी वाटायच्या ऐवजी छतावर उडवतो. कूलरचा पंप बसवला, तर पाणी खालच्या बिऱ्हाडात पोचलं. जमेला एक इस्त्री होती, पण ती आपणहूनच सुरू झाली होती, असं यमुताईंचं म्हणणं.

यमुताई, म्हणजे त्यांची बायको, धरमपेठेतल्या या घराच्या बैठकीत वधूवर सूचक मंडळ चालवत. सगळी स्थळं कॉम्प्युटरात, आणि कॉम्प्युटर असा मंदावलेला की काटोलचा मुलगा पडद्यावर येईस्तोवर मुलीकडच्यांचा चहा निवायचा.

"मी बदलतो रॅम," मधुकरराव म्हणाले.

"बदला. पण हाही बिघडवला, तर तुमची हत्यारांची पेटी भंगारवाल्याले देईन. सांगून ठेवते."

मधुकररावांनी पेटी जवळ ओढून घेतली. निवृत्तीनंतर त्यांचा हुकूम चालायचा तो फक्त त्या पेटीतल्या पान्या-पकडींवर.

पुतणी हिमानी पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करायची. तिने फोनवर बजावलं, "काका, आधी प्लग काढा. यूपीएस बाजूला करावा लागेल, तो जड असतो. कंबरेतून वाकू नका, गुडघे मोडून बसा, अंगाशी धरून उठा. आणि थंडी कोरडी आहे, अंगावर वीज साठते. एका ठिणगीने रॅम मरते. पिशवीतून काढण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. रॅम कडेनेच धरा. आणि कपडे सुती घाला."

"म्हणजे सोवळंच की वं! ते तू मले काय शिकवून राहिली?"

फोन ठेवून त्यांनी विचार केला. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला रेशमी लागतं, मग इतक्या नाजूक कामाला साधं सुती? पोरीला रीतभात कुठून ठाऊक असणार! त्यांनी प्लग काढला, अंघोळ केली, लग्नातला रेशमी कद नेसला, वर रेशमी उपरणं घेतलं आणि खाली लोकरीचं आसन अंथरलं.

टेबलाखालचा यूपीएस मात्र कंबरेतून वाकूनच ओढला. कद नेसून गुडघ्यांत बसायचं तर कद सुटायची धास्ती! कंबरेत कट्‌कन वाजलं.

"काय झालं?" आतून यमुताई.

"काही नाही!"

आता उठणं शक्य नव्हतं. ते तसेच आसनावर टेकले आणि बसल्या बसल्या, रेशीम लोकरीवर घाशीत, कॅबिनेटकडे वळले. पत्र्यावर धूळ होती. त्याला शिवलं तर सोवळं मोडणार, म्हणून तेवढं टाळलं. जुनी रॅम काढून ठेवली. चंदेरी पिशवीतली नवी बोटांत घेतली, आणि चट्!

ती बसवून, प्लग लावून कॉम्प्युटर सुरू केला, तर तो नुसता टूं-टूं ओरडू लागला. पडदा काळा.

यमुताईंनी हिमानीला व्हिडिओ कॉल लावला. हिमानीने काकांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि तोंडात ओढणी कोंबली.

"काहून वं हसून राहिली?"

"काका, रेशीम आणि लोकर! तुम्ही तर वीज तयार करायचा कारखानाच काढला. नवी रॅम बहुतेक गेली. जुनी बसवून बघा."

मधुकररावांनी पुढे सरकायचा प्रयत्न केला. कंबरेने नकार दिला. तेव्हा हिमानीने सांगितलं तसं यमुताईंनी प्लग काढला, सुती साडीचा पदर खोचला, फरशीवर बसून धुळीच्या पत्र्याला तळहात लावला, नवी रॅम काढली आणि जुनी कडेने धरून दाबून बसवली. प्लग लावताच पडदा उजळला. काटोलचा मुलगा सावकाश, पण हसत हसत आला.

"मग... पेटी?" आसनावर आडवे झालेले मधुकरराव हळूच म्हणाले.

"पेटी कुठं जात नाही," यमुताई पेटी आपल्या टेबलाखाली पायाने सरकवत म्हणाल्या. "मले लागेल आता."

आठवड्याने कंबर सरळ झाली. कपाटाची कडी ढिली दिसताच मधुकररावांचे हात शिवशिवले. ते टेबलापाशी जाऊन घुटमळले. "अहो, जरा तो स्क्रू-ड्रायव्हर..."

यमुताईंनी चष्म्यावरून त्यांच्या टेरिकॉटच्या झब्ब्याकडे पाहिलं.

"आधी सुती घालून या."