भोकं पाडा, पण वाजवा

मी एक जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला तुमची कीव नको. कीव आली की माणसं वस्तूवर फडकं मारतात आणि तिला कोपऱ्यात सरकवतात.

गिटारचा बारीक सूर घ्यायचा आणि हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, हे माझं काम. माझ्या पोटातले काचेचे व्हॉल्व्ह तापून लालसर झाले की मगच मला कंठ फुटतो. भिंतीतली वीज मला जशीच्या तशी पचत नाही. व्हॉल्व्ह तापवायला विजेचा थोडा दाब लागतो, आवाजासाठी खूप मोठा. हे वाटे करून देणारा, लोखंडाचा आणि तांब्याच्या तारेचा जड ठोकळा म्हणजे ट्रान्सफॉर्मर. मला उचलताना तुमची कंबर धरली, तर शिव्या त्याला द्या.

मी वहिनींचा. वाद्यवृंद त्यांच्या नवऱ्याचा, म्हणून त्यांना सगळे वहिनी म्हणत. गिटार त्या वाजवत, मिरवत नवरा. लोक वहिनींच्या बोटांना टाळ्या देत. त्यांतल्या निम्म्या माझ्या होत्या. मी मागितल्या नाहीत, पण मला मोजता येतं.

पुढे माझा एक व्हॉल्व्ह म्हातारा झाला आणि आतल्या आत वीज गिळू लागला. माझा फ्यूज उडाला. फ्यूज म्हणजे बारीकशी तार. घरात चोर शिरला की ओरडून मरणारा राखणदार. नवऱ्याने नवा घातला, तोही उडाला. कार्यक्रम तोंडावर, फ्यूज संपलेले. तेव्हा या शहाण्याने चॉकलेटवरची चांदी फ्यूजभोवती गुंडाळली आणि सगळ्यांना सांगितलं, बघा, असं काम करायचं असतं. राखणदाराच्या तोंडात बोळा कोंबला आणि वर कौतुक करून घेतलं! दुसऱ्याच गाण्यात माझा ट्रान्सफॉर्मर जळाला. उग्र वास सुटला, धूर निघाला आणि नवरा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, पेटीच खराब होती. भंगारात द्या.

वहिनींनी मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथल्या काकांना सारा बाजार जळकेकाका म्हणे, कारण त्यांच्याकडे न जळलेली वस्तू कधी येतच नसे. त्यांनी आधी म्हातारा व्हॉल्व्ह बदलला. मग टेबलावर दोन ट्रान्सफॉर्मर ठेवले. एक माझ्या पत्र्यातल्या स्क्रूच्या जुन्या भोकांत नेमका बसणारा, पण दाब बराच जास्त देणारा. दुसरा माझ्या पचनाला बरोबर, पण त्याचे पाय वेगळे. त्याच्यासाठी माझ्या पत्र्याला नवी भोकं पाडावी लागणार.

"हाच घ्या," काका पहिल्यावर हात ठेवून म्हणाले. "पत्र्याला धक्का नाही आणि आवाज वाढेल तो वेगळाच."

"आणि बाकीचं सामान एवढा दाब झेलेल?" वहिनींनी विचारलं.

काकांनी कान खाजवला. "झेलेल की. झेलेल तोवर झेलेल."

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी तिथेच दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्या पहिल्याने वीज साठवणारे माझे कंडेन्सर फुटले असते, नवा व्हॉल्व्ह जळाला असता आणि पुन्हा सगळे म्हणाले असते, पेटीच खराब. काका काही वाईट नव्हते. जुन्या पत्र्याला हात लावायचा नाही, हौशी लोक असा पत्रा काचेच्या कपाटात मांडतात, असं त्यांचं म्हणणं. सोबत आलेल्या नवऱ्याने लगेच री ओढली.

"अगं, भोकं पाडलेल्या पेटीला उद्या कुत्रंही विचारणार नाही."

"अहो, कुत्र्याला कुठे वाजवायचीय? मला वाजवायचीय."

काका म्हणाले, मी भोकं पाडणार नाही. वहिनी म्हणाल्या, मग ड्रिल द्या. काकांनी कुरकुरत माझ्यात साठलेली वीज काढून टाकली आणि माझं सगळं सामान कागदाने झाकलं. वहिनींनी पदर खोचला आणि ड्रिल पत्र्यावर टेकवलं. दुखलं का विचारता? दुखलंच. शोभेचा होऊन मरण्यापेक्षा बरं. पत्र्याचा कीस त्यांनी ब्रशने कोपऱ्याकोपऱ्यातून झाडला, कारण एक कण राहिला तरी पुन्हा जळायची पाळी. मग नव्या भोकांत दुसरा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि बरोबर मापाचा फ्यूज घातला. नुसता.

बटण दाबलं. नवरा दाराकडे सरकला. काका धूर शोधत वाकले. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले, वहिनींनी जाडी तार छेडली आणि मी असा गरजलो की शेल्फवरचे स्क्रू नाचले. वहिनींनी पुढचं गाणं सुरू केलं.

म्हणून सांगतो, मित्रांनो. फ्यूज उडाला तर त्याचं तोंड बांधू नका, तो का ओरडतोय ते बघा. नवा भाग आणाल तेव्हा तो भोकात बसतो का, एवढंच विचारू नका. बाकीच्यांना झेपतो का, ते आधी विचारा. आणि जुन्या वस्तूला जपायचं म्हणजे तिला कामाला लावायचं. माझ्या पत्र्याला चार भोकं जास्तीची आहेत. वाकडी आहेत, दिसतात. दिसू देत. ज्याला ती खुपतात त्याने कपाट विकत घ्यावं, मला नाही.